धणे भाजताना

एप्रिल लागला की माझा पाय घरात ठरत नाही. शाळेच्या परीक्षा संपलेल्या असतात, मुलांची चित्रं तपासून झालेली असतात. दुपारी दादरच्या घरात पंखा गरगरत असतो आणि मी या खोलीतून त्या खोलीत. पुस्तक उघडते, मिटते. चहा ठेवते आणि प्यायचा विसरते. शेवटी चप्पल अडकवते आणि हिंदमातावरून परळकडे चालायला लागते. उन्हात कशाला चालतेस, असं नवरा विचारतो. तोवर मी जिना उतरलेली असते.

लालबाग आलं की डोळ्यांच्या आधी घशाला कळतं. आधी एक बारीकशी खाज, मग खोकला. रस्त्यावरचे सगळेच खोकत असतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पोत्यांवर मिरच्यांचे ढीग असतात. सुरकुतलेली, काळपट लाल ब्याडगी. लांबट संकेश्वरी. बोटभरही नसलेली, पण नुसतं बघून कान गरम करणारी लवंगी. कुठून कुठून आलेल्या बायका हातात याद्या घेऊन उभ्या असतात. आत कांडपाची मशिनं धाडधाड आपटत असतात आणि त्यांची थरथर पायांतून वर चढते. माझ्या आत जे काही चाललेलं असतं, त्याला निदान तिथे सोबत मिळते.

आई तिथूनच दोन गल्ल्या आत राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. माझा जन्म त्याच खोलीतला. भाऊ डोंबिवलीला गेला, मी लग्न होऊन दादरला आले. आई मात्र हलली नाही. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तिने लोकांना मालवणी मसाला करून द्यायला सुरुवात केली आणि वडील गेल्यावरही ते सोडलं नाही. लालबाग, परळ, दादर, थेट गिरगावपर्यंत तिची घरं आहेत. लोक मिरच्या आणून देतात, आई त्या निवडते, गच्चीवर वाळवते, खडा मसाला भाजते, कांडून आणते. त्या घरांतल्या माशांच्या कालवणाला जो वास येतो, तो मुळात आमच्या खोलीतून गेलेला असतो.

आईचं भाजणं हा लहानपणी माझ्यासाठी एक चमत्कार होता. ती कढईकडे बघायचीच नाही. स्टोव्हला पाठ करून, उजवा हात मागे, उलथनं चालू, आणि तोंड गॅलरीकडे. शेजारच्या बायकांशी कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून रुसली, हे सगळं रंगात आलेलं असायचं. बोलता बोलता मध्येच ती वळायची आणि कढई खाली उतरवायची. धणे बरोबर त्या क्षणी झालेले असायचे. धणे तिला हाक मारतात आणि ती फक्त तिलाच ऐकू येते, अशी माझी समजूत होती.

पण यंदा चालताना मनात सतत येत राहिला तो चार वर्षांपूर्वीचा हंगाम.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस मिलिंदचा फोन आला. आम्ही कलाशाळेत एका वर्गात होतो. तो चित्रं काढत राहिला, मी शाळेत लागले. गिरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्हा सात-आठ जुन्या मित्रमैत्रिणींचं एकत्र प्रदर्शन करायचं त्याच्या मनात होतं. "अगं, जुनं काढून देऊ नकोस हं," तो म्हणाला. "नवीन काहीतरी दे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. कितीतरी वर्षांत मी स्वतःचं असं काही काढलं नव्हतं. मुलांना दोन केळी, एक सफरचंद आणि मागे पडदा, एवढंच शिकवत आले होते. पंधरा दिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून नुसती उठत राहिले. एका दुपारी अशीच चालत आईकडे गेले. गच्चीवर जुन्या साडीवर मिरच्या पसरलेल्या होत्या. त्या लालभडक नव्हत्या. त्या लालात तपकिरी होती, जांभळा होता, काही ठिकाणी चक्क काळा होता. आणि उन्हाची तिरीप पडली की प्रत्येक सुरकुतीच्या कडेला नारिंगी रेघ उमटत होती. मला एकदम तहान लागल्यासारखं झालं. हेच काढायचं, असं ठरलं.

आधी मी वेड्यासारखी खरा मसालाच डिंकात कालवून कॅनव्हासवर लावला. आठ दिवसांत सगळा लाल मातकट झाला आणि कोपऱ्यातून बारीक किडे चालायला लागले. आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "खाऊचां तां भिंतीक कित्याक लावतंस?" एवढंच म्हणाली.

मग मी रोज वही घेऊन तिच्या खोलीत बसायला लागले. आई भाजत होती आणि मी काढत होते. मिरच्या सुटल्या आणि आईचा चेहराच हाताला लागला. ती कढईवर अगदी वाकून बसायची. नवा चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर घाम, भुवया एकमेकींना भिडलेल्या. गॅलरीतून शेजारच्या वहिनींनी काही विचारलं तर हाताने थांब म्हणायची. मी मनात म्हटलं, वय झालंय, आता लक्ष द्यावं लागत असेल. आणि हेही म्हटलं की काय सुंदर एकाग्रता आहे. वाकलेली मान, खालून येणारा धुराचा करडा, कढईतल्या धण्यांचा सोनेरी. मी पंधरा-वीस रेखाटनं केली. त्यातून एक मोठं चित्र उभं राहायला लागलं आणि कितीतरी वर्षांनी मला माझाच हात ओळखीचा वाटला. मी खूश होते. हे आज लिहिताना बोचतं, पण तेव्हा मी खरंच खूश होते.

चित्र बघायला मिलिंद दादरला आला. बराच वेळ उभा राहिला. मी स्तुतीची वाट बघत होते.

"शुभा, काकींना बरं नाहीये का?" त्याने विचारलं.

"का? ठणठणीत आहे ती."

"चित्र फार चांगलं झालंय. पण त्या घाबरलेल्या दिसतायत."

"एकाग्रता आहे ती," मी जरा चिडूनच म्हणाले.

"असेल. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि त्यांना उत्तर येत नाहीये."

तो गेल्यावर मी रेखाटनांची वही पुन्हा उघडली. एकेक पान उलटत गेले आणि प्रत्येक पानावर ते होतं. मीच काढलं होतं. डोळ्यांच्या खालची ओढलेली रेघ, घट्ट मिटलेले ओठ, उलथन्यावर आवळलेली बोटं. माझ्या हाताने जे टिपलं होतं ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मला बसवेना. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. आईला फोन लावला. जेवलीस का, एवढंच विचारून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तिच्याकडे परळच्या तावडे वहिनी बसलेल्या. हातात स्टीलचा डबा. या वहिनी आमच्याकडून मसाला न्यायला लागल्या तेव्हा नुकतं लग्न होऊन आल्या होत्या. आता त्यांची मुलगी नोकरी करते.

"काकी, रागावू नका हं," त्या चाचरत बोलत होत्या. "यंदाचा जरा कडसर लागतोय. आधी मला वाटलं माझंच खोबऱ्याचं वाटप चुकलं. पण दोनदा केलं. मुलंपण म्हणाली."

"बदलून देते," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

वहिनी गेल्या. आईने डबा उघडला, नाकाशी नेला, एकदा हुंगला आणि झाकण लावून बाजूला ठेवला. मी दोन हात लांब उभी होते. तिथूनही मला करपल्याचा वास आला.

"आई, धणे करपलेत यातले."

"व्हय?" ती म्हणाली.

त्या 'व्हय'ने मी जागच्या जागी थांबले. कारण ती खरंच विचारत होती. आयुष्यभर जिने मला तुझा भात लागतोय, तुझं दूध उतू जातंय, असं दुसऱ्या खोलीतून सांगितलं, ती मला विचारत होती.

मी फळीवरून हिंगाचा डबा काढला. तिने तो माझ्या हातात बघितला आणि मान फिरवली. "माझी परीक्षा घेव नको, शुभा."

मी डबा परत ठेवला. मग ती बोलली. फेब्रुवारीत तिला ताप आला होता. मी दोनदा येऊन पेज करून गेले होते. "तापानंतर वास गेलो. पयलां वाटलां सर्दी आसा. येतलो, येतलो म्हणान वाट बघलंय. मगे मिरचेचे दिवस इले." लोकांनी मिरच्या आणून दिल्या, नाही कसं म्हणायचं? डोळ्यांनी बघून भाजू, असं तिने ठरवलं. पण इतकी वर्षं तिने कधी डोळ्यांनी भाजलंच नव्हतं. धणे केव्हा होतात हे तिच्या डोळ्यांना माहीतच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस? मी रोज इथे समोर बसत होते."

"तू चित्र काढी होतंस," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. माझ्या कामात व्यत्यय नको, एवढाच त्याचा अर्थ होता. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही परळला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की काही जणांचा वास परत येतो, काहींचा नाही, वाट बघावी लागेल. परत येताना आई रस्त्यातल्या मिरच्यांच्या पोत्यांकडे न बघता चालत राहिली. जिना चढून वर आल्यावर दारातच म्हणाली, "लोकांची मिरची लोकांक परत कर. माझ्यान होवचां नाय."

गच्चीवर अजून आठ-दहा घरांच्या मिरच्या वाळत होत्या. प्रत्येक ढिगाजवळ नावाची चिठ्ठी, वर दगड. ते ढीग परत द्यायचे म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की पुढच्या वर्षी कुणी येणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. त्या खोलीत आईला भेटायला येणारी माणसं मसाल्यासाठीच यायची. मसाला गेला असता तर ती चारही बाजूंनी एकटी पडली असती.

मी म्हटलं, माझं नाक आहे ना, मी वास घेते. दुसऱ्या दिवशी आम्ही तसं करून पाहिलं. फजिती झाली. मला वास येत होता, पण तो क्षण ओळखता येत नव्हता. "झाले का गो?" आई विचारायची. "झाले असावेत," मी म्हणायचे. "असावेत म्हणजे काय?" एकदा ती भडकली, एकदा मी. धण्यांचे दोन घाणे फुकट गेले. ती भिंतीला टेकून बसली आणि मी खिडकीशी उभी राहून खाली बघत राहिले. खाली बाया खोकत, हसत मिरच्या निवडत होत्या. सगळं जग व्यवस्थित चाललेलं होतं, त्याचा मला राग आला.

मग मला जे येतं तेच करायचं ठरवलं. मूठभर धणे कढईत टाकले आणि दर अर्ध्या मिनिटाला चमचाभर काढून कागदावर ओळीने ठेवत गेले. कच्च्यापासून पार काळ्यापर्यंत. आई एकेक चमचा चावून बघायला लागली. वास गेला होता तरी जिभेला कडू कळत होतं, आणि दाताखाली दाणा कसा फुटतो तेही. "ह्यो चिवट आसा. ह्यो पण. ह्यो कुरकुरीत, पण कडू लागाक लागलो." मी त्याच चमच्यांचा वास घेत होते आणि फळीवरच्या बरणीत उरलेल्या गेल्या वर्षीच्या मसाल्याशी ताडून बघत होते. तिची जीभ आणि माझं नाक जिथे एकत्र आलं, तो होता सातवा चमचा. मी रंगाची पेटी उघडली आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर तो रंग उतरवायला बसले.

धणे तपकिरी असतात असं वाटतं. बसून बघा. यलो ऑकरच्या मातकट पिवळ्यावर रॉ अंबरच्या तपकिरीचा पातळ हात, कडेला किंचित हिरवट छटा, आणि दाण्याच्या शिरांवर जवळपास गुलाबी. मी तो चार वेळा चुकले. आई पट्टी आणि धणे शेजारी धरून मान हलवायची. पाचव्या वेळी म्हणाली, "हां, ह्यो." कुठल्याही परीक्षकाचं 'हां' मला एवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

तीन दिवस आम्ही हेच केलं. खोबऱ्याची पट्टी, बडीशेपेची, जिऱ्याची, दगडफुलाची, लवंगी मिरचीची वेगळी आणि ब्याडगीची वेगळी. प्रत्येकीवर दोन रंग. वर 'उतरव' आणि खाली 'गेलं'. त्या पट्ट्या कपड्याच्या चिमट्यांनी स्टोव्हमागच्या दोरीला लावल्या. पहिला मसाला तावडे वहिनींचा केला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "काकींना सांग, आता आपला लागला." मी निरोप दिला. आई पदराने चष्मा पुसत बसली.

प्रदर्शनाची तारीख जवळ आली तेव्हा मी ते मोठं चित्र आईकडे नेऊन दाखवलं. तिला न विचारता ते भिंतीवर लावणं मला शक्य नव्हतं.

ती बघत राहिली. "मी अशी दिसतंय?"

"तेव्हा दिसत होतीस."

"लाव," ती म्हणाली. "लोकांक वाटतलां, बाई मसालो भाजता."

आणि तसंच झालं. गिरगावात आठवडाभर ते चित्र होतं. लोक समोर थांबायचे. किती शांत चित्र आहे, असं म्हणायचे. एका बाईंनी तर डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि सांगितलं की मला वास आला. मी आभार मानत होते आणि आतून सुटका होत नव्हती. मी जे पाहिलं होतं आणि मला समजलं नव्हतं, त्याचीच ही स्तुती होती. ते चित्र आता माझ्या कपाटामागे आहे, चेहरा भिंतीकडे. काढून टाकवत नाही, लावतही नाही.

आईचा वास परत आला नाही. हंगाम मात्र दर वर्षी येतो आणि मीही जाते. ब्याडगी कधी जास्त काळी निघते, धणे कधी जास्त हिरवे, म्हणून पट्ट्या दर वर्षी नव्या करायला लागतात. रंगाची पेटी मी आता तिच्याकडेच ठेवलेली असते.

यंदा गेले तेव्हा आई जमिनीवर बसलेली, पुढ्यात माझा ड्रॉइंगचा मोठा कागद. चष्मा कपाळावर. पेन्सिलीने आखलेले वेडेवाकडे चौकोन आणि त्यांत रंग भरलेले, ब्रशने नाही, बोटाने. बोटं अजून ओली होती. मला वाटलं, पट्ट्या करायला घेतल्या. पण ते रंग कशाशीच जुळत नव्हते. एक गडद निळा होता. एक पोपटी, त्यावर पांढरे ठिपके. एक असा काळा, ज्याच्या मधोमध पिवळं काहीतरी पेटलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ह्यो हिंग," तिने निळ्यावर बोट ठेवलं.

"हिंग निळा?"

"डोळ्यांक पिवळो. नाकाक निळो होतो."

मी तिच्या शेजारी बसले. तिने एकेक दाखवलं. पोपटी म्हणजे माशांच्या कालवणात घालायचं त्रिफळ, झाडावरून नुकतं काढलेलं, तिच्या माहेरचं. काळ्यातला पिवळा म्हणजे लवंग तेलात फुगते तेव्हाचा. धण्यांना तिने तीन चौकोन दिले होते, कारण त्यांचा वास तीनदा बदलायचा. हे मला नवीनच होतं. मी इतकी वर्षं धण्यांचा रंग जुळवत होते आणि तो वास तीनदा बदलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

"कशाला काढतेस हे?"

"इसारतंय गो," ती म्हणाली. "पयलां नाक गेलां. आता आठवण पण जाता. दगडफुलाक दोन दिवस लागले. म्हटलं, जेवढां आसा तेवढां लिवन ठेवया."

माझ्या शिक्षकी डोळ्याला त्या कागदावर शंभर चुका दिसायला हव्या होत्या. एकही दिसली नाही. मला हेवा वाटला, खरं सांगायचं तर. आणि भीतीही, कारण कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन आखून कोराच सोडलेला होता.

"इथे काय?"

"खसखस. ती काय केल्या आठवणा नाय. तुका वास येता ना? माका सांग."

मी उठले. कढई ठेवली, मूठभर खसखस टाकली. दाणे तडतडायला लागले तसा वास वर आला आणि मी तो छाती भरून घेतला. शब्द शोधायला लागले. खमंग. छे, ते तर सगळंच खमंग असतं. दुधासारखा? थोडा. जुन्या कपाटासारखा, नाही, ओल्या लाकडासारखा, ऊन लागलेल्या. मी एकेक शब्द टाकत होते आणि आई बोट रंगावर धरून थांबली होती.

"असां नको," ती म्हणाली. "रंग सांग."